दादी, नानी आणि आजी : एआयच्या मेमरीतल्या दुबार नोंदी कशा शोधतात?

मागच्या महिन्यात अब्बांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आदल्या रात्री मी फोनमधल्या एआय सहायकाला सांगितलं, "अब्बांच्या चालू गोळ्यांची यादी करून दे." काही सेकंदांत नीटनेटकी यादी आली. बीपीच्या गोळीसमोर लिहिलं होतं : अ‍ॅम्लोडिपीन, ५ मिलिग्रॅम. यादी बघून बायको म्हणाली, "अहो, ही जुनी आहे. पायांना सूज आली म्हणून डॉक्टरांनी ती अडीचवर आणली ना?"

तिचं बरोबर होतं. आणि गंमत म्हणजे हा बदल मी स्वतः त्या सहायकाला सांगितला होता. मग तो विसरला कसा?

सहायकाची मेमरी उघडून बघितली, तर तो काहीच विसरला नव्हता. उलट त्याने जास्तच लक्षात ठेवलं होतं. अब्बांच्या त्या एका गोळीबद्दल त्याच्याकडे चार नोंदी होत्या :

"अब्बांना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम."

"वडील रोज सकाळी रक्तदाबाची ५ मिलिग्रॅमची गोळी घेतात."

"दादांची बीपीची गोळी पाच मिलिग्रॅमची आहे."

"अब्बांची अ‍ॅम्लोडिपीन आता २.५ मिलिग्रॅम केली."

पहिली नोंद माझी, दुसरी मी मेडिकलवाल्यासाठी मराठीत मेसेज लिहून घेतला तेव्हाची, तिसरी माझ्या मुलीची. फोन घरात सगळेच वापरतात, त्यामुळे माझे अब्बा तिचे दादा झाले. एकच गोष्ट तीन तोंडांनी तीनदा लिहिली गेली आणि नवी गोष्ट एकदाच. यादी करताना जुन्याचं पारडं जड झालं.

नुकसान झालं नाही, कारण घरात एका माणसाला खरी गोष्ट आठवत होती. पण त्या रात्रीपासून मी या विषयामागे लागलो. अशा दुबार नोंदी शोधतात कशा? त्या मशीनला आपोआप का सापडत नाहीत? जे समजलं ते वर्गात मुलांना सांगतो तसं इथे सांगतो.

एआय लक्षात ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो?

आधी एक गैरसमज दूर करू. चॅटजीपीटीसारख्या सेवांच्या मुळाशी जे भाषेचं मॉडेल असतं, त्याला तुमची आठवण नसते. एक संभाषण संपलं की त्याच्यासाठी तुम्ही पुन्हा अनोळखी. त्याच्यासमोर त्या क्षणी जेवढा मजकूर ठेवला असेल तेवढंच त्याला दिसतं, आणि त्या मजकुरालाही मर्यादा असते.

म्हणून बनवणाऱ्यांनी त्याच्या शेजारी एक वही ठेवली. तुम्ही बोलता तेव्हा त्यातली कामाची वाटणारी गोष्ट छोट्या वाक्यात या वहीत उतरवली जाते. पुढच्या वेळी तुम्ही काही विचारलं, की वहीतल्या त्या प्रश्नाशी जुळणाऱ्या काही नोंदी शोधून मॉडेलसमोर ठेवल्या जातात. त्या वाचून ते उत्तर देतं. आपल्याला वाटतं, त्याला आठवलं. खरं तर त्याला कुणीतरी वहीतलं पान काढून दिलेलं असतं.

ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीसाठी अशी मेमरी जाहीर केली. आता 'एजंट' म्हणवणारे सहायक आलेत. एजंट म्हणजे बोलून थांबणारा नाही, तर काम करणारा सहायक. तो मेसेज पाठवतो, तिकीट बघतो, आठवण लावतो, यादी बनवतो. त्याची वही चुकली तर चूक बोलण्यापुरती राहत नाही, ती कामात उतरते.

दुबार नोंदी होतातच का?

कारण लिहिताना वही मागे वळून बघेलच असं नसतं. आज तुम्ही म्हणालात, "मुलगी दहावीत आहे." पुढच्या आठवड्यात म्हणालात, "लेकीची बोर्डाची परीक्षा आहे, ती दहावीला आहे." दोन्ही वेळा सहायकाला ती गोष्ट लिहून ठेवण्यासारखी वाटली. आधी लिहिलंय का, हे तपासलं नाही, तर दोन नोंदी झाल्या.

आपल्यासारख्या घरांत हे जास्त होतं. आपण एकाच संध्याकाळी तीन भाषांत बोलतो. अम्मीशी उर्दूत किंवा दखनीत, शेजाऱ्यांशी मराठीत, फोनवर हिंदीत. शुगर आणि मधुमेह, बीपी आणि रक्तदाब, अब्बा आणि वडील, फुफी आणि आत्या. आपल्या कानाला ही जोडी चटकन एक वाटते. वहीला ते दोन वेगळे शब्द असतात.

याचं नुकसान चार प्रकारचं आहे.

पहिलं, जागा अडते. समजा सहायक प्रत्येक प्रश्नाला वहीतल्या सर्वांत जवळच्या पाचच नोंदी काढतो. त्यातल्या तीन एकाच गोष्टीच्या असतील, तर कामाच्या दोन नोंदी बाहेर राहिल्या.

दुसरं, जुनी गोष्ट बहुमताने जिंकते. आमच्या गोळीचं बहुधा हेच झालं.

तिसरं, दुरुस्ती अर्धवट राहते. एक नोंद बदलली, तरी तिच्या जुळ्या तशाच राहतात.

चौथं नुकसान पटकन लक्षात येत नाही. तुम्ही घरातली एखादी खासगी गोष्ट पुसून टाकली आणि निश्चिंत झालात, पण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत दुसऱ्या पानावर शाबूत असेल, तर ती पुसली गेलीच नाही.

पहिली चाळणी : अगदी हुबेहूब नोंदी

सर्वांत सोपं काम म्हणजे अक्षर न अक्षर सारख्या नोंदी शोधणं. यासाठी संगणक प्रत्येक नोंदीचा एक ठसा काढतो, अंगठ्याच्या ठशासारखा. मजकूर तोच तर ठसा तोच. ठसे जुळले की नोंद दुबार. लाखो नोंदी असल्या तरी हे काम झटपट होतं.

पण हा ठसा फार हट्टी असतो. एक स्वल्पविराम वाढला, शेवटी एक जागा मोकळी राहिली, मराठी ५ ऐवजी इंग्रजी आकडा पडला, की ठसा पूर्ण बदलतो. म्हणून ठसा काढण्याआधी मजकूर एका साच्यात आणावा लागतो : जास्तीच्या मोकळ्या जागा काढायच्या, विरामचिन्हं सारखी करायची, आकडे एका पद्धतीचे करायचे.

आपल्या लिप्यांची इथे एक खास अडचण आहे, ती उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिणाऱ्याला लगेच पटेल. 'क़लम' मधला नुक्तावाला क़ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा साधा क अधिक खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत. 'दुसऱ्या' मधल्या ऱ चंही तसंच. डोळ्यांना फरक शून्य, संगणकाला दोन वेगळे मजकूर. सुदैवाने युनिकोडमध्ये यासाठी ठरलेली पद्धत आहे. ती दोन्ही रूपं एकच करून देते.

उर्दूची गोष्ट जरा पुढची आहे. उर्दूची 'ये' आणि अरबी कीबोर्डवरची 'ये' यांना संगणकात वेगवेगळे क्रमांक आहेत. 'काफ'चंही तसंच. शब्दाच्या मध्ये ही अक्षरं एकसारखी दिसतात, पण युनिकोडची नेहमीची पद्धत त्यांना एक मानत नाही. त्यासाठी वेगळा तक्ता करावा लागतो. ज्याने ही लिपी कधी लिहिली नाही, त्याच्या हे लक्षात येणं कठीण.

दुसरी चाळणी : शब्द किती जुळतात?

हुबेहूब नसलेल्या पण बऱ्याच सारख्या नोंदींसाठी शब्दांची मोजणी करतात. दोन्ही वाक्यांत मिळून एकूण वेगळे शब्द किती, आणि त्यातले दोन्हीकडे असलेले किती, याचं प्रमाण काढायचं. सातवी-आठवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे.

संगणकशास्त्रात ही वाट जुनी आहे. १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर यांनी अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या सर्च इंजिनसाठी काम करताना याच कल्पनेवर एक युक्ती काढली. इंटरनेटवर एकच पान थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी पडलेलं असतं. प्रत्येक पानातले सलग शब्दांचे छोटे तुकडे घेऊन त्यांचे मोजके नमुने जुळवले, की पूर्ण पान न वाचताही सारखेपणाचा अंदाज येतो. एआयच्या मेमरीतही पहिला अंदाज घ्यायला अशा युक्त्या चालतात.

आता आपल्या घरातली दोन उदाहरणं घेऊन हे गणित करून बघू.

पहिली जोडी : "दादींना शुगर आहे" आणि "आजीला मधुमेह आहे". एकूण वेगळे शब्द पाच, समान शब्द फक्त एक, 'आहे'. सारखेपणा २० टक्के.

दुसरी जोडी : "मोठ्या खालांना पेनिसिलिन चालत नाही" आणि "धाकट्या खालांना पेनिसिलिन चालत नाही". एकूण वेगळे शब्द सहा, समान चार. सारखेपणा ६७ टक्के.

आता थांबा आणि विचार करा. आमच्या घरात पहिली जोडी एकाच बाईबद्दल असू शकते. दुसरी जोडी नक्कीच दोन वेगळ्या बायकांबद्दल आहे. शब्द मोजणाऱ्या मशीनचा निकाल बरोबर उलटा लागला. तिच्या हिशोबाने दुसरी जोडी दुबार आणि पहिली वेगळी.

दुसरी जोडी दुबार समजून तिने एक नोंद उडवली तर? एका खालांच्या पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद गायब. दवाखान्यात अशी नोंद नसणं किती महाग पडू शकतं, हे सांगायला नको.

तिसरी चाळणी : अर्थ किती जवळचा?

म्हणून आजच्या पद्धती अर्थाकडे वळल्या. यात प्रत्येक वाक्याचं रूपांतर आकड्यांच्या लांब रांगेत करतात. शेकडो आकडे असतात. भूगोलाच्या तासाला आपण गावाचं ठिकाण अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत सांगतो ना? तसंच, पण इथे दोन आकड्यांऐवजी शेकडो. मॉडेलला असं शिकवलेलं असतं, की ज्या वाक्यांचा अर्थ जवळचा, त्यांचं ठिकाणही या नकाशावर जवळ यावं. 'शुगर आहे' आणि 'मधुमेह आहे' शेजारी येतात. अनेक भाषांवर शिकवलेलं मॉडेल असेल तर उर्दू वाक्य आणि त्याच अर्थाचं मराठी वाक्यही जवळ येतं. अर्थात ज्या भाषेचा मजकूर शिकवताना कमी मिळाला, तिथे नकाशा थोडा अंधुक असतो.

दोन वाक्यांची जवळीक एका आकड्यात सांगतात. तो १ च्या जितका जवळ, तितका अर्थ जवळचा. मग एक हद्द ठरवतात, उदाहरणार्थ ०.९. त्याच्या वर गेलेली जोडी संशयित.

वेगाचा प्रश्नही इथेच सुटतो. वहीत १०,००० नोंदी असतील तर प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना म्हणजे जवळपास ५ कोटी जोड्या. २०१९ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथले संशोधक नील्स रायमर्स आणि इरिना गुरेविच यांनी हाच हिशोब मांडला होता. त्या वेळच्या बर्ट या मॉडेलला प्रत्येक जोडी वाचायला लावून १०,००० वाक्यांतली सर्वांत सारखी जोडी शोधायला सुमारे ६५ तास लागत. त्यांनी प्रत्येक वाक्याची आकड्यांची रांग एकदाच काढून ठेवली आणि मग फक्त रांगांची तुलना केली. तेच काम सुमारे ५ सेकंदांत झालं.

मग प्रश्न सुटला? नाही. कारण खालांची जोडी या नकाशावरही एकमेकींच्या शेजारीच येते. वाक्यं खरोखर जवळच्या अर्थाची आहेत, फक्त माणूस वेगळा आहे. अशा आणखी जोड्या बघा. "अब्बा रात्रीची गोळी घेतात" आणि "अब्बा रात्रीची गोळी घेत नाहीत." विषय तोच, अर्थ उलटा. "५ मिलिग्रॅम" आणि "२.५ मिलिग्रॅम." औषध तेच, मात्रा निम्मी. नकाशावर या जोड्या बऱ्याचदा अगदी खेटून असतात, कारण नकाशा मुख्यतः विषय ओळखतो. एका आकड्याचा किंवा एका 'नाही'चा फरक त्याला बारीक वाटतो. आपल्यासाठी तो सगळ्यात मोठा फरक असतो.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : सारखं असणं आणि तेच असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन सारखेपणा मोजते. ते एकच आहे का, याचा निकाल वेगळा लावावा लागतो.

शाळेच्या रजिस्टरने शिकवलेलं शहाणपण

हा प्रश्न एआयच्या आधीपासूनचा आहे. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. एका वर्गात चार शेख, तीन पठाण, दोन सय्यद. त्यात दोन मुलांचं नाव आणि आडनाव दोन्ही सारखं. आम्ही काय करतो? वडिलांचं नाव बघतो, जन्मतारीख बघतो, जनरल रजिस्टरचा क्रमांक बघतो. उलटंही घडतं. मुलगा एकच, पण एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मोहंमद', तिसऱ्यावर 'मुहम्मद'. कुठे 'शेख', कुठे 'शेक'. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घातलेले पालक आपल्यातच किती आहेत! तिथे मशीनने एकाच मुलाला दोन समजलेलं असतं.

या कामाला शास्त्राचं रूप मिळालं १९४६ च्या सुमारास. अमेरिकेतले आरोग्य-आकडेवारीचे अधिकारी हॅल्बर्ट डन यांनी मांडलं, की जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या नोंदी वेगवेगळ्या दफ्तरांत विखुरलेल्या असतात. त्या जोडून त्या माणसाचं एक पुस्तक तयार करता आलं पाहिजे. पुढे १९६९ मध्ये कॅनडातले इवान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी त्याचं गणित पक्कं केलं. त्यातल्या दोन गोष्टी आजही कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक जुळणीचं वजन सारखं नसतं. दोन नोंदींत 'शेख' जुळलं, तर त्यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण शेख भरपूर आहेत. एखादं विरळ आडनाव जुळलं, तर त्याला जास्त वजन. जन्मतारीख जुळली, तर आणखी जास्त.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. त्यांनी निकालाच्या दोन नाही, तीन टोपल्या केल्या. एक, नक्की तेच. दोन, नक्की वेगळं. आणि तीन, सांगता येत नाही, माणसाने बघावं. अर्धवट पुराव्यावर मशीनने निकाल देऊच नये, म्हणून ही तिसरी टोपली.

आता दादी आणि आजीच्या जोडीकडे परत या. "आजीला मधुमेह आहे." उर्दूत वडिलांची आई दादी आणि आईची आई नानी. मराठीत दोघी आजी! माझ्या मुलीने हे वाक्य मराठीत सांगितलं असेल, तर ती कोणत्या आजीबद्दल बोलली? वाक्य शंभर वेळा वाचलं तरी ते कळणार नाही. मशीन कितीही हुशार असली तरी नाही. तशीच ती 'दादांची बीपीची गोळी'. उर्दूत दादा म्हणजे आजोबा, मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. शेजारच्या घरात या वाक्याचा अर्थ भलताच होईल. या नोंदींची खरी जागा तिसऱ्या टोपलीत, आणि तिथे एकच उपाय : घरच्या माणसाला विचारणं.

दुबार सापडली, आता करायचं काय?

शोधणं हे अर्धं काम. सापडलेल्या जोडीचं काय करायचं, हे ठरवणं उरलेलं अर्धं. २०२५ मध्ये आलेल्या 'मेम-झिरो' या मेमरी प्रणालीच्या शोधनिबंधात हे छान मांडलंय. नवी गोष्ट आली की आधी वहीतल्या तिच्याशी मिळत्याजुळत्या काही नोंदी काढायच्या. मग भाषेच्या मॉडेलला त्या सगळ्या शेजारी ठेवून चारपैकी एक निर्णय घ्यायला सांगायचा : नवी म्हणून लिहा, जुनी नोंद सुधारा, चुकीची ठरलेली जुनी नोंद काढा, किंवा काहीच करू नका, हे आधीच आहे. म्हणजे नकाशा संशयित शोधतो आणि नीट वाचण्याचं काम त्यानंतर होतं. वाचताना चार प्रश्न विचारायचे : माणूस तोच का? गोष्ट तीच का? आकडा आणि होय-नाही तेच का? आणि काळ तोच का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त निसटतो. आमच्या चार नोंदींपैकी पहिल्या तीन एकमेकींच्या दुबार होत्या. त्यांची एक करणं बरोबर. चौथी मात्र दुबार नव्हती, ती त्या गोष्टीची नवी अवस्था होती. तिला बाकीच्यांत मिसळून टाकलं असतं, तर नवी मात्राच हरवली असती. याच कारणाने काही प्रणाली, जसं की 'झेप', जुनी नोंद थेट पुसत नाहीत. ती कधीपासून खरी होती आणि कधीपासून राहिली नाही, हे तारखेसह लिहून ठेवतात. डॉक्टरांनी उद्या विचारलं, "आधी किती मिलिग्रॅम होती?", तर उत्तर हाताशी असतं.

हद्द कुठे ठेवायची, यालाही एकच उत्तर नाही. ती खाली आणली तर जास्त दुबार सापडतात, पण वेगळ्या नोंदीही चुकून एक होतात. वर नेली तर चुकीची जोडणी कमी होते, पण दुबार राहून जातात. "आवडतो रंग निळा" दोनदा राहिलं तर काय बिघडलं? पण अ‍ॅलर्जीची एक नोंद चुकून उडाली तर बिघडतं. त्यामुळे औषध, पैसे, पत्ता, माणसांची नावं असल्या नोंदींत मशीनने स्वतः काही एकत्र करू नये, फक्त बोट दाखवावं. बनवणाऱ्यांनी आपली पद्धत तपासायची तर त्यालाही शॉर्टकट नाही. माणसांनी हाताने 'एकच' किंवा 'वेगळं' असं लिहिलेल्या जोड्या घ्यायच्या आणि मशीनने किती पकडल्या, किती चुकीच्या पकडल्या, हे दोन्ही मोजायचं. त्या जोड्यांत दादी, नानी, खाला, फुफी नसतील, तर आपल्या घरात ती पद्धत कशी वागेल हे कुणालाच कळणार नाही.

घरी आपण काय करू शकतो?

हे वाचून प्रोग्रामिंग शिकायची गरज नाही. पण पुढच्या काही सवयी लावून घेण्यासारख्या आहेत.

महिन्यातून एकदा सहायकाची मेमरी उघडून वाचा. चॅटजीपीटीत सेटिंग्जमध्ये जतन केलेल्या आठवणी बघता येतात आणि एकेक पुसता येते. लक्षात ठेवा, नुसतं संभाषण पुसलं म्हणजे त्यातून जतन झालेली आठवण पुसली जात नाही. ती वेगळी पुसावी लागते.

काही पुसायचं असेल तर त्याच गोष्टीची दुसरी नावं आठवून शोधा. 'शुगर' पुसली तर 'मधुमेह'ही बघा. 'बीपी' पुसलं तर 'रक्तदाब'ही.

नात्याबरोबर ओळख सांगा. 'आजी' एवढंच नको, 'वडिलांची आई' किंवा 'आईची आई' असं सांगा. एकच फोन सगळे वापरत असतील, तर 'माझे वडील' म्हणणारा कोण, हेही कळू द्या.

बदल सांगताना जुनं काय आणि नवं काय, दोन्ही सांगा, तारखेसह. "गोळी अडीचची केली" यापेक्षा "आधीची ५ मिलिग्रॅमची बंद, अमुक तारखेपासून २.५" हे वाक्य जास्त सुरक्षित. त्यातून सहायकाला कळतं, की कोणती नोंद बाद करायची आहे.

त्यालाच विचारा, "अब्बांच्या औषधांबद्दल तुझ्याकडे काय काय लिहिलंय, सगळं दाखव." दुबार आणि विसंगत नोंदी अशा एका ठिकाणी आल्या, की आपल्याला लगेच दिसतात.

आणि औषधांची यादी कागदावरही ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट हा पुरावा, सहायकाची वही ही फक्त सोय.

आम्ही त्या रात्री तीन जुन्या नोंदींची एक केली, तिच्यापुढे 'बंद' लिहिलं आणि नवी मात्रा तारखेसह टाकली. मग मुलीला बोलावून विचारलं, "मधुमेह आहे लिहिलंयस ती आजी कोण गं?" ती म्हणाली, "नानी. दादींना तर मी दादीच म्हणते ना." म्हणजे ज्या दोन नोंदी मी एक करायला निघालो होतो, त्या दोन बायकांच्या होत्या. अम्मीलाही शुगर, माझ्या सासूबाईंनाही शुगर. न विचारता मी एक पुसली असती, तर चूक मशीनची नसती, माझी असती.